एका बाईसाठी सहा कचेऱ्या

"बाथरूममध्ये पाय घसरला." मुंबईतल्या महापालिका रुग्णालयाच्या अपघात विभागात डोळ्याखाली काळानिळा डाग घेऊन आलेली बाई पुष्कळदा एवढंच सांगते. कुणी दारावर आपटल्याचं सांगते, कुणी ढेकणाचं औषध चुकून पोटात गेल्याचं. डॉक्टरसमोर रांग असते. टाके घालायचे, धनुर्वाताचं इंजेक्शन द्यायचं, केसपेपरवर 'पडल्यामुळे जखम' असं लिहायचं आणि पुढच्या पेशंटला हाक मारायची, ही वर्षानुवर्षांची रीत. विष पोटात गेलं असेल किंवा भाजलं असेल तर एमएलसी होते, म्हणजे पोलिसांना कळवायची नोंद. हवालदार जबाब घ्यायला येतो. खाटेशेजारी नवरा किंवा सासू उभी असते. जबाबातही औषध चुकूनच प्यायलं जातं.

यात कुणी कामचुकारपणा केलेला नसतो. डॉक्टरांनी जखम शिवली, हवालदारानं जबाब घेतला. पुढे कधी तीच बाई धीर करून पोलिस ठाण्यात गेली, तर अंमलदार एनसी लिहून घेतो, म्हणजे अदखलपात्र नोंद, आणि कोर्टात जायला सांगतो. कोर्टात वकील हवा. वकील फुकट मिळतो, पण विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करावा लागतो. कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली नेमलेला संरक्षण अधिकारी आणखी वेगळ्या इमारतीत. राहायची सोय हवी तर निवारागृह तिसरीकडे, आणि तिथे मोठ्या मुलाला सोबत घेतील की नाही याची चौकशी आधी करावी लागते. रुग्णालय, पोलिस, संरक्षण अधिकारी, वकील, कोर्ट, निवारा, अशा या सहा कचेऱ्या. प्रत्येक ठिकाणी तीच हकिगत पहिल्यापासून सांगायची, तेच कागद दाखवायचे, रोजंदारी बुडवायची आणि संध्याकाळी स्वयंपाकाच्या वेळेआधी त्याच घरी परतायचं. या कचेऱ्यांमधला निरोप्या म्हणून मार खाणारी बाईच राबत असते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) विवाहित किंवा कधीकाळी विवाहित असलेल्या १८ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी देशात सुमारे २९ टक्के, तर महाराष्ट्रात सुमारे २५ टक्के जणींनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा झाल्याचं सांगितलं. देशभरात हिंसा सोसलेल्यांपैकी मदत मागितलेल्या स्त्रिया जेमतेम १४ टक्के. त्यांतही बहुतेकींनी माहेरी किंवा नात्यात सांगितलं. पोलिस, डॉक्टर, वकील यांच्यापर्यंत पोचलेल्या फारच थोड्या. सहा दारांची ही वाट पाहिली, की या आकड्याचं फार आश्चर्य वाटत नाही.

ही वाट बदलण्याचा प्रयत्न मुंबईत झाला आहे आणि तो चार दशकं जुना आहे. १९८४ साली टाटा सामाजिक विज्ञान संस्थेनं, म्हणजे 'टिस'नं, मुंबईच्या पोलिस आयुक्तालयात स्त्रिया आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. कल्पना साधी होती, पण त्या काळात धाडसाची. समाजकार्याचं शिक्षण घेतलेल्या कार्यकर्तीनं पोलिसांच्याच इमारतीत टेबल टाकून बसायचं. बाईचं म्हणणं तिनं ऐकायचं, आणि मग पोलिसांच्या अधिकाराचा आधार घेऊन काम पुढे न्यायचं. वर्ष आधी, १९८३ मध्ये, भारतीय दंड संहितेत कलम ४९८-अ आलं होतं. विवाहितेचा छळ हा दखलपात्र गुन्हा झाला होता, पण ठाण्यात आलेल्या बाईला 'घरातलं भांडण आहे, मिटवून घ्या' असं सांगून परत पाठवणं थांबलं नव्हतं.

कार्यकर्ती पोलिसांच्या छपराखाली बसली तरी ती पोलिस खात्याची नोकर नव्हती, ही या रचनेतली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. वर्दीचा दबाव तिच्या हाताशी होता आणि निष्ठा बाईशी होती. सासरी अडकलेलं स्त्रीधन, शाळेचे दाखले, रेशनकार्ड, मुलांची पुस्तकं आणायला एकट्या बाईनं जायचं म्हणजे पुन्हा मार खायला जायचं. शिपाई सोबत असला की तेच काम होऊन जातं. अशा छोट्या कामांतून कक्षाचा जम बसला. २००५ मध्ये राज्याच्या महिला व बालविकास खात्यानं हा कार्यक्रम आपल्या अंगावर घेतला. पुढे महाराष्ट्रातल्या जिल्ह्याजिल्ह्यांत आणि दुसऱ्या राज्यांतही असे कक्ष उघडले.

पण पोलिसांकडे जाणं ही अनेकींच्या दृष्टीनं शेवटची पायरी असते. रुग्णालयात जायला मात्र सहसा कुणाची परवानगी काढावी लागत नाही आणि बोभाटा होत नाही. हे ओळखून वांद्र्याच्या के. बी. भाभा रुग्णालयात मुंबई महानगरपालिका आणि 'सेहत' ही संशोधन संस्था यांनी मिळून 'दिलासा' केंद्र काढलं. करार २००० सालचा. रुग्णालयातलं हे देशातलं अशा प्रकारचं पहिलं केंद्र मानलं जातं.

'दिलासा'चं वेगळेपण कळायला त्यांची कामाची पद्धत जवळून पाहावी लागते. बाहेरची संस्था येऊन रुग्णालयात एक खोली घेते आणि खोलीवर पाटी लावते, एवढ्यावर इथे भागवलं गेलं नाही. महापालिकेच्याच डॉक्टरांना, परिचारिकांना, वॉर्डातल्या कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण दिलं गेलं. शिकवलं ते असं: सोबत आलेल्या माणसाला औषध आणायला किंवा केसपेपर काढायला बाहेर पाठवा. बाई एकटी असताना विचारा. पडल्याची जखम आणि मारल्याची जखम यांतला फरक पाहा. पडणारा माणूस हात पुढे टेकतो, त्यामुळे तळहात आणि गुडघे खरचटतात. दंडावर, पाठीवर, कानामागे वळ असतील तर प्रश्न विचारायलाच हवा. वारंवार गर्भपात, तपासण्यांत काही न सापडणारी डोकेदुखी, पुन्हा पुन्हा 'चुकून' घेतलेलं विष, हीही लक्षणंच.

बाई बोलली, की तिला समुपदेशिकेकडे नेलं जातं. तिथे पहिले प्रश्न जिवाच्या धोक्याचे असतात. मारहाण अलीकडे वाढली आहे का? कधी गळा दाबला होता का? जिवे मारायची धमकी दिली का? स्वतःचं बरंवाईट करून घ्यावंसं वाटतं का? उत्तरं काळजीची असतील आणि बाईला त्या रात्री घरी जायची भीती वाटत असेल, तर तिला वॉर्डात खाट दिली जाते. निवारागृहाची व्यवस्था होईपर्यंत ती एक-दोन दिवस तिथेच राहते. या सोयीसाठी नवा पैसा लागत नाही. वॉर्डातल्या सिस्टरला ती बाई तिथे का आहे हे ठाऊक असणं तेवढं लागतं.

आणि मग कागद. केसपेपरवर 'मारहाण' एवढं लिहिणं आणि 'नवऱ्याने लाकडी दांडक्याने मारल्याचे पेशंट सांगते' असं लिहिणं यांत कोर्टाच्या दृष्टीनं जमीनअस्मानाचं अंतर आहे. दुसऱ्या नोंदीत कुणी, कशानं आणि कुणाच्या सांगण्यावरून हे तिन्ही आलं. तीन वर्षांनी उलटतपासणीत बाईला दिवस आठवला नाही, तरी केसपेपरवर तारीख असते. डॉक्टरनं लिहिलेली ही एक ओळ पुढच्या पाच कचेऱ्यांचं काम हलकं करते.

२००५-०६ नंतर महापालिकेनं 'दिलासा' स्वतः चालवायला घेतलं, कुर्ल्याच्या भाभा रुग्णालयातही केंद्र झालं, आणि पुढे राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानातून शहरातल्या इतर रुग्णालयांत ते पोचलं. केरळ सरकारनं याच धर्तीवर आपल्या रुग्णालयांत 'भूमिका' केंद्रं उभारली.

साधारण याच विचारानं, पण वेगळ्या टोकाकडून, अमेरिकेतल्या एका लहान शहरानं सुरुवात केली होती. मिनेसोटा राज्यात, लेक सुपीरियरच्या काठावरच्या डुलुथमध्ये १९८०-८१ साली एलन पेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शहराच्या आणि काउंटीच्या नऊ यंत्रणांना एका धोरणाला बांधून घेतलं. फोन घेणारा कर्मचारी, गस्तीवरचा शिपाई, तुरुंग, सरकारी वकील, न्यायालय, निवारागृह, सगळेच त्यात आले. पेन्स यांचं म्हणणं असं होतं, की माणसं वाईट असतात म्हणून बायका असुरक्षित राहतात असं नाही. कोणता फॉर्म काय विचारतो आणि तो पुढे कुणाच्या टेबलावर जातो, यावर बाईचा जीव अवलंबून असतो. फोनवर ऐकलेली धमकी शिपायाला कळली नाही, शिपायानं पाहिलेली जखम वकिलाच्या फायलीत आली नाही, तर न्यायाधीशापुढे पोचतं ते निव्वळ नवरा-बायकोचं भांडण. म्हणून पेन्स एकेका प्रकरणाचे कागद टेबलामागून टेबल तपासत जात. माहिती कुठे गळली, ते शोधत. २०१४ मध्ये डुलुथच्या या पद्धतीला फ्यूचर पॉलिसी पुरस्कारांतलं सुवर्णपदक मिळालं. अनेक देशांनी ती उचलली. तिच्यातल्या पुरुषांच्या सुधारवर्गांचा किती उपयोग होतो यावर अभ्यासकांत वाद आहेत, पण यंत्रणा एकमेकींना जोडण्याचा मुद्दा टिकून राहिला.

भारतात हा मुद्दा कायद्यातच लिहिलेला आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्याचं कलम ११ सरकारवरच जबाबदारी टाकतं, की विधी, गृह, आरोग्य आणि मनुष्यबळ या खात्यांच्या सेवांत परिणामकारक समन्वय ठेवावा. रुग्णालयाला उपचार नाकारता येत नाहीत. पोलिसानं बाईला तिचे हक्क सांगायलाच हवेत. संरक्षण अधिकारी किंवा नोंदणीकृत संस्था जो घटना अहवाल भरते, ज्याला सगळे 'डीआयआर' म्हणतात, त्याला डॉक्टरांचं प्रमाणपत्र आणि स्त्रीधनाची यादी जोडता येते. निकालाची प्रत कोर्टानं दोन्ही पक्षांना फुकट द्यायची असतेच, शिवाय ती त्या हद्दीतल्या पोलिस ठाण्याच्या प्रमुखालाही जायला हवी. म्हणजे आदेश मोडून नवरा रात्री दारावर लाथा मारू लागला, तर फोन उचलणाऱ्याला आदेश आधीच माहीत असावा. संरक्षण आदेश मोडणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

या कायद्याच्या नियमांमधला नमुना क्रमांक पाच फारसा कुणी वाचत नाही. तो सुरक्षा-आराखड्याचा तक्ता आहे. पहिल्या रकान्यात झालेली हिंसा, दुसऱ्यात तिचे परिणाम, मग बाईला पुढे कशाची भीती वाटते, सुरक्षेसाठी काय करायला हवं, आणि शेवटी कोर्टाकडे कोणता आदेश मागायचा. 'तो मुलाला शाळेतून परस्पर घेऊन जाईल' ही भीती चौथ्या रकान्यात 'शाळेला कळवणे' होते आणि पाचव्यात मुलाच्या ताब्याचा आदेश. हा एक कागद मन लावून भरला, तर सहाही कचेऱ्यांना आपापलं काम त्यात सापडतं. दुर्दैवानं तो बऱ्याचदा घाईत, एकाच साच्याच्या वाक्यांनी भरला जातो.

समन्वय म्हटलं की तो चांगलाच, असंही मानून चालत नाही. पोलिस, समुपदेशक, नातेवाईक, गल्लीतले पुढारी या सगळ्यांचं कधी कधी पटकन एकमत होतं, ते बाईला परत नांदायला पाठवण्यावर. नवऱ्याकडून 'पुन्हा हात उचलणार नाही' असं लिहून घ्यायचं, चहा पाजायचा आणि फाईल बंद करायची. अशा तडजोडीत धोका फक्त तिच्या वाट्याला येतो. कायद्याचे नियम याबाबत स्पष्ट आहेत. न्यायदंडाधिकाऱ्यानं पाठवलेल्या समुपदेशनात नवऱ्याला हिंसेचं समर्थन करायला मुभाच नाही. 'तिनं उलट उत्तर दिलं म्हणून मारलं' हे तिथे ऐकून घ्यायचं नाही. तडजोड करायची की नाही हे बाईनं ठरवायचं, तेही दोन्ही वाटा नीट समजून घेतल्यावर. यंत्रणा जोडताना हे मध्यभागी नसेल, तर जोडणी जितकी घट्ट तितकी बाईची सुटका अवघड.

प्रत्यक्षात साखळी सगळ्यात कच्ची आहे ती संरक्षण अधिकाऱ्यापाशी. बाईला कोर्टाशी, पोलिसांशी, निवाऱ्याशी जोडून देणारा हा माणूस, पण कित्येक ठिकाणी हे पद दुसऱ्याच खात्याच्या कामावर अतिरिक्त कार्यभार म्हणून टाकलेलं असतं. अर्ज आल्यापासून साधारण तीन दिवसांत पहिली सुनावणी आणि साठ दिवसांत निकालाचा प्रयत्न, अशी कायद्याची अपेक्षा. नोटीस बजावायचं काम संरक्षण अधिकाऱ्याचं, आणि तोच जर पंचनाम्यात, निवडणुकीच्या यादीत किंवा पोषण आहाराच्या हिशेबात गुंतलेला असेल, तर साठ दिवस पहिली नोटीस बजावण्यातच जातात. २०२५ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं राज्यांना जिल्हा आणि तालुका पातळीवर संरक्षण अधिकारी नेमण्यासाठी सहा आठवड्यांची मुदत दिली. कायदा लागू होऊन तोवर अठरा वर्षं उलटून गेली होती.

२०१५ पासून केंद्राच्या योजनेतून 'सखी' वन स्टॉप सेंटर निघाली आहेत. उपचार, पोलिस, वकील, समुपदेशन आणि तात्पुरता निवारा एकाच छताखाली द्यायचा, हा त्यांचा उद्देश. नागपूर, पुण्यासारख्या शहरांत पोलिसांचे भरोसा सेल आहेत. १८१ ही महिलांसाठीची हेल्पलाइन आणि ११२ हा तातडीचा क्रमांक आहे. दारं वाढली, हे चांगलंच झालं. मात्र वॉर्डातली सिस्टर, ठाण्यातला अंमलदार आणि 'सखी'तली समुपदेशिका यांनी एकमेकांचे चेहरे पाहिलेले नसतील, तर ही नवी केंद्रं सातवं आणि आठवं दार ठरतात. 'दिलासा'चा अनुभव सांगतो, की हे ओळखीचं जाळं बैठका घेऊन, प्रशिक्षण देऊन, बदल्या झाल्या की पुन्हा पहिल्यापासून शिकवून विणावं लागतं. नागरी आरोग्य अभियानातली बहुतेक पदं कंत्राटी असतात. समुपदेशिकेचा करार नूतनीकरणात अडकला, तर केसपेपर वाचून रात्री वॉर्डात खाट मागणारं माणूसच जागेवर नसतं. म्हणून नगरसेवकानं, पत्रकारानं किंवा महिला मंडळानं आपल्या शहराच्या रुग्णालयात आणि पोलिस ठाण्यात जाऊन विचारायची पहिली गोष्ट अगदी रोकडी आहे: इथे समुपदेशिकेची किती पदं मंजूर आहेत, आज त्यांपैकी किती भरलेली आहेत, आणि तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्याचं नाव-फोन इथल्या भिंतीवर कुठे लिहिलेलं आहे.