इवल्या पाहुणीचे स्वागत : अतिदक्षता कक्षातील पहिले दिवस

आपल्याकडे मुलगा झाला तर पेढे आणि मुलगी झाली तर बर्फी वा जिलेबी वाटण्याची रीत आहे. परंतु दिवस भरण्याआधीच सव्वा किलो वजनाची मुलगी जन्मास येते, तेव्हा मिठाईचा पुडा कोणी उघडत नाही. नातलग हलक्या आवाजात बोलू लागतात, अभिनंदन करावे की सांत्वन हेच कळत नाही. आमच्या मते अभिनंदनच करावे. त्यासाठी काचेपलीकडे काय चालले आहे, याची थोडी माहिती मात्र असावी.

गर्भारपणाचे ३७ आठवडे पूर्ण होण्यापूर्वी जन्मलेले बाळ अपुऱ्या दिवसांचे समजतात. जन्मतः अडीच किलोपेक्षा कमी वजन हे कमी वजन, दीड किलोखाली अतिकमी. अशा बाळाची पहिली लढाई श्वासाची असते. फुप्फुसांतील सूक्ष्म पिशव्या मिटू न देणारा स्निग्ध द्राव शेवटच्या आठवड्यांत पुरेसा तयार होतो. १९६३ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांचा पुत्र पॅट्रिक साडेपाच आठवडे आधी जन्मला. वजन होते सुमारे २.१ किलो. जगातील सर्वांत सामर्थ्यशाली पित्याचे ते बाळ याच द्रवाच्या अभावी जेमतेम ३९ तास जगले. पुढे १९८० मध्ये जपानचे डॉ. फुजिवारा यांनी असा द्राव बाहेरून श्वासनलिकेत सोडून यश मिळविले. आज २.१ किलोचे बाळ बहुधा आईच्या कुशीत घरी जाते.

कक्षातील नळ्या व तारा पाहून आईचे काळीज हलते. नाकातील नळी सौम्य दाबाने हवा देऊन फुप्फुसे उघडी ठेवते. पायाला बांधलेला लाल दिवा रक्तातील प्राणवायू मोजतो. निळा प्रकाश काविळीसाठी असतो. श्वास घ्यायचे विसरणे हेही या बाळांचे एक लक्षण आहे. यंत्र वाजते, परिचारिका तळपायाला हलकेच स्पर्श करते आणि श्वास पुन्हा सुरू होतो.

आमच्या जळगाव जामोद भागात मात्र खरा प्रश्न कक्षाच्या दाराशी पोहोचण्याचा आहे. सातपुड्यातील पाड्यावरून तालुक्याला यायचे, मग पूर्णा ओलांडून खामगाव, बुलढाणा किंवा अकोल्याची वाट धरायची. या प्रवासात थंडीने बाळ दगावते. त्याच्या अंगावर चरबी नसते, त्वचा पातळ असते आणि ओल्या अंगाने ते झपाट्याने गार पडते. म्हणून जन्मल्यावर आंघोळ घालू नये. कोरडे पुसून, टोपी घालून, उघड्या अंगाने आईच्या छातीशी धरावे व वरून पांघरूण घ्यावे. शेगडी वा धुरी नको, धुराने कोवळी फुप्फुसे अधिकच गुदमरतात. १०२ व १०८ क्रमांकांच्या रुग्णवाहिका आहेत. २०११ पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार शासकीय रुग्णालयात आजारी नवजात बाळाची ने-आण व उपचार विनामूल्य आहेत.

छातीशी धरणे हा गरिबाचा उपाय म्हणून हिणवू नये. कोलंबियातील बोगोटा येथे डॉ. रे व डॉ. मार्तिनेझ यांनी १९७० च्या दशकाअखेर उबदार पेट्यांच्या तुटवड्यातून तो सुरू केला. २०२१ मध्ये भारतासह पाच देशांतील अभ्यास प्रसिद्ध झाला. १ ते १.८ किलोच्या दरम्यानच्या बाळांना प्रकृती स्थिरावण्याची वाट न पाहता जन्मापासूनच आईच्या छातीशी ठेवले, तेव्हा २८ दिवसांतील मृत्यू १५.७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आले. आई थकली तर वडील आहेत, आजीही आहे. आमच्या पुरुषमंडळींनी हे काम बायकांचे म्हणून टाळू नये.

मग दूध. पहिला चीक थेंब-थेंब नळीने पोटात जातो, पुढे वाटी-चमच्याने. बोंडले वापरायचे तर ते उकळलेले असावे. मध वा गुटी चाटवू नये. आईला दूध येत नसेल तर दुसऱ्या मातेचे दूध हा उत्तम पर्याय होय. मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली. दान केलेले दूध ६२.५ अंशांवर अर्धा तास तापवून जंतुमुक्त केले जाते. अशा दुधाने इवल्या बाळांच्या आतड्यांचा जीवघेणा दाह पुष्कळ टळतो.

एक गोष्ट सांगताना मन जड होते. अपुऱ्या दिवसांच्या बाळांत मुली निसर्गतः मुलांपेक्षा अधिक चिवट असतात. तरीही शासकीय नवजात कक्षांत दाखल होणाऱ्या मुलींची संख्या मुलांहून कमी राहते. मुलीसाठी एवढी धावपळ कशाला, हा विचार कोठे ना कोठे होतोच. आणि हा तर जिजाऊंचे माहेर असलेला जिल्हा!

ख्रिस्ती आईबाप आम्हांला एक प्रश्न हमखास विचारतात. बाळ अत्यवस्थ आहे, धर्मगुरू दूर आहेत, बाप्तिस्म्याचे काय? १९८३ च्या धर्मसभेच्या कायद्यातील कलम ८६७ नुसार मृत्यूचा धोका असलेल्या बालकाला विनाविलंब बाप्तिस्मा द्यावा. कलम ८६१ नुसार अशा निकडीच्या वेळी योग्य हेतू असलेली कोणतीही व्यक्ती तो देऊ शकते, परिचारिकासुद्धा. डॉक्टरांना विचारून निर्जंतुक पाण्याचे थोडे थेंब डोक्यावर ओतावेत व पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देत असल्याचे उच्चारावे. बाळ बरे झाले की उरलेले विधी चर्चमध्ये होतात. बाप्तिस्मा पुन्हा दिला जात नाही.

घरी आल्यावर पाहुण्यांची रांग थोपवावी. हात धुतल्याशिवाय कोणी बाळाला घेऊ नये, मुके तर नकोतच. ठरल्या दिवशी आशाताई येतील, त्यांना वजन करू द्यावे. गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ने अशा घरभेटींचे मोल दाखवून दिले. १९९९ च्या त्यांच्या अहवालात नवजात मृत्यूंत ६२ टक्के घट नोंदली गेली. दोन किलोखालील बाळाच्या डोळ्यांचा पडदा तज्ज्ञाकडून महिन्याच्या आत तपासून घ्यावा. वेळ चुकली तर कायमचे अंधत्व येऊ शकते. आणि शेजारच्या बाळाशी तुलना करताना आधी गणित करावे. दोन महिने आधी आलेली मुलगी वर्षाची झाली, तर तिचे बसणे-उभे राहणे दहा महिन्यांच्या बाळाचे म्हणून मोजतात.