प्लेट दिसते सारखी, ग्रेड असते वेगळी : डिटेलिंगमध्ये मटेरियल कसं लिहावं

वाळूज एमआयडीसीत १९८५ साली बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्या आजूबाजूला पुरवठादारांचे कारखाने उभे राहत गेले. कारखाना म्हटला की शेड आली, आणि शेड म्हटली की पोलादी सांगाडा आला. त्या सांगाड्याचं मॉडेल आपण टेक्लासारख्या सॉफ्टवेअरमध्ये करतो. आज त्यातल्या एकाच रकान्याबद्दल बोलूया : मटेरियल.

प्लेट टाकताना आपण जाडी आणि रुंदी नीट भरतो. मटेरियलच्या रकान्यात मात्र आधीपासून काहीतरी लिहिलेलं असतं, आणि ते तसंच राहून जातं. युरोपच्या सेटिंगमध्ये तिथे एस२३५जेआर असू शकतं. काही जण नुसतं 'एमएस' लिहितात. पण एमएस ही काही ग्रेड नव्हे.

आपल्याकडे प्लेटसाठी मानक आहे आयएस २०६२. त्यात ई२५०, ई३५० अशा ग्रेड आहेत. हा आकडा म्हणजे यील्ड स्ट्रेस, मेगापास्कलमध्ये. पुढची अक्षरं आघात चाचणीची : 'ए'ला ती लागत नाही, 'बीआर'ला मागितल्यास सामान्य तापमानाला, 'बी०'ला शून्य अंशाला आणि 'सी'ला उणे २० अंशांना. म्हणून 'ई३५० बीआर' असं पूर्ण नाव लिहायचं.

आता एक हिशेब बघा. २०० मिमी रुंद, १६ मिमी जाड प्लेट. क्षेत्रफळ ३,२०० चौरस मिमी. आयएस ८०० : २००७ प्रमाणे १.१० ने भागलं, तर ताणातली यील्डची क्षमता ई३५० मध्ये सुमारे १,०१८ किलोन्यूटन येते, ई२५० मध्ये सुमारे ७२७. जवळपास २९ टक्के कमी! आणि वजन? दोन्हीचं मीटरला २५.१२ किलो, कारण घनता तीच, ७,८५० किलो प्रति घनमीटर. म्हणजे ही चूक वजनाच्या यादीत सापडत नाही, ड्रॉइंगच्या आकृतीत दिसत नाही आणि काट्यावरही कळत नाही.

जाडीचंही लक्षात ठेवा. ई२५० चे २५० हे २० मिमीपेक्षा कमी जाडीला. २० ते ४० मिमीला २४०, त्यावर २३०. तिथे ग्रेडचं नाव बदलत नाही, ताकद बदलते. तो हिशेब डिझायनरचा. पण डिझाइनमधली जाडी आपण परस्पर वाढवली, तर त्याला विचारायलाच हवं.

मटेरियल चुकलं की पुढे काय होतं? सॉफ्टवेअर नंबरिंग करताना आकार आणि मटेरियल दोन्ही बघतं. दोन गसेट दिसायला सारखे, पण एक ई२५० चा आणि एक ई३५० चा, तर मार्क वेगळे पडायला हवेत. दोन्हीकडे एकच ग्रेड लिहिली तर मार्क एकच पडतो, शॉपमध्ये दोन्ही एकाच प्लेटमधून कापले जातात आणि मग कुठला कुठे लागला, हे कुणालाच सांगता येत नाही. खरेदीची यादी आणि कटिंगची एनसी फाइलही हाच रकाना वाचते.

म्हणून क्रम असा ठेवूया. आधी डिझाइन ड्रॉइंगच्या नोंदी वाचायच्या. मॉडेल सुरू करण्याआधी कॅटलॉगमध्ये लागणाऱ्याच ग्रेड ठेवायच्या. मॉडेलला मटेरियलनुसार रंग देऊन एकदा नजर फिरवायची. ग्रेड बदलली तर नंबरिंग पुन्हा करून ड्रॉइंग आणि एनसी फाइल नव्याने द्यायच्या. शॉपमध्ये टीसीवरचा हीट नंबर प्लेटशी जुळवायचा, आणि कापण्याआधी तो उरणाऱ्या तुकड्यावरही उतरवायचा.

शेडमध्ये क्रेन फिरते, खाली माणसं काम करतात. त्यांच्या डोक्यावरची प्लेट कुठली, हे आपण भरलेल्या त्या एका रकान्यावरून ठरतं.