जुन्या सामानाची नवी खोली

समजा, तुमच्या मोठ्या भावाचे लग्न ठरले आहे. घरात एक खोली कमी पडते आणि अब्बांच्या हाती पैसा बेताचा आहे. अशा वेळी गावात एखादे जुने घर पाडले जात असेल, तर तेथे जाऊन पाहा. सागाच्या चौकटी, तुळया, विटा, कौले असे पुष्कळ सामान निघते. ते बहुधा नव्यापेक्षा स्वस्त मिळते. (इमारत, दरवाजा, मजबूत हे शब्द तुमच्या ओळखीचेच आहेत. ते उर्दूत आहेत तसे मराठीतही आहेत.)

नेहमी आपण आधी नकाशा काढतो आणि मग सामान आणतो. येथे क्रम उलटा असतो. आधी दारे, खिडक्या, तुळया मिळवा, त्यांची मापे घ्या आणि मग नकाशा काढा. भिंतीत दडलेली तुळईची टोके पुष्कळदा कुजलेली असतात. ती कापून उरलेली लांबी मोजा. दहा फूट उरली, तर दोन्ही बाजूंना नऊ-नऊ इंच भिंतीवर टेकवायला लागतात. म्हणजे खोली आतून साडेआठ फूटच रुंद होईल.

विटा कशा पारखाल? दोन विटा एकमेकींवर आपटा. खणखणीत आवाज आला, तर वीट चांगली भाजलेली आहे. बद्द आवाज आला, तर ती बाजूला ठेवा. चुन्यात बांधलेल्या विटा हलक्या ठोक्याने सुट्या होतात. सिमेंटमधल्या विटा मात्र सोडवताना फुटतात. लाकडात दाभण खुपसून पाहा. ते सहज आत गेले किंवा भुसा गळला, तर ते लाकूड घेऊ नका.

स्लॅबमधून काढलेले गंजके गज छतासाठी वापरू नयेत. सिमेंटचे जुने पत्रेही नकोत. त्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते. ते कापताना उडणारी धूळ फुफ्फुसात जाते आणि त्यामुळे पुढे कर्करोगही होऊ शकतो.

सर्वांत नाजूक जागा म्हणजे जुन्या व नव्या भिंतीचा सांधा. जुने घर आपल्या पायावर केव्हाच बसलेले असते. नवी भिंत मात्र बांधल्यावर थोडी खचते. दोन्ही भिंती घट्ट जोडल्या, तर तेथे तडा जातो. म्हणून मध्ये बारीक फट ठेवतात आणि पाऊस आत येऊ नये म्हणून ती वरून झाकतात. हे काम जाणत्या इंजिनियरला विचारूनच करावे. नगरपालिकेची परवानगीही आधी घ्यावी.

लॉरी बेकर हे इंग्लंडमध्ये जन्मलेले वास्तुशिल्पी 1945 साली भारतात आले आणि येथलेच झाले. 1990 साली त्यांना पद्मश्री मिळाली. केरळातील तिरुवनंतपुरम येथे त्यांनी कमी खर्चाची पुष्कळ घरे बांधली. पाडलेल्या घरांची दारे-खिडक्या ते आनंदाने वापरत.

आणखी एक गोष्ट. जुने दरवाजे पुष्कळदा बुटके असतात. दरवाजा विकत घेण्याआधी भावाला त्या चौकटीखाली एकदा उभे करून पाहा.