उलटी जोडलेली बॅटरी

व्यापारी बंधूंनो, मालाच्या ने-आणीसाठी आपल्यापैकी अनेकांकडे स्वतःचा टेम्पो आहे. कोणत्या गठ्ठ्यात किती साड्या हे आपण तोंडपाठ सांगतो. पण बॅटरीची प्लसची वायर कोणती असे विचारले की ड्रायव्हरकडे बघतो. आम्हीही त्यातलेच. ही बेपर्वाई आम्हाला ऐन लग्नसराईत महाग पडली.

बॅटरी चार्जिंगहून आली होती. ड्रायव्हर जेवायला गेलेला, म्हणून दुकानातल्या पोराने ती बसवायला घेतली. दोन्ही वायरी तेला-धुळीने सारख्याच काळ्या. दुसरी वायर टेकवताच मोठी ठिणगी उडाली. पोराला वाटले, क्लिप सैल आहे. त्याने ती दाबून बसवली. 'टक्' असा आवाज झाला आणि गाडी मुकी झाली. ना दिवा, ना हॉर्न. मागे गठ्ठे भरलेले आणि ट्रान्सपोर्टची गाडी सुटायला दोन तास.

चावी तर बंद होती, मग जळले काय? हे आम्हाला नंतर एका जाणत्या मिस्त्रीने समजावले. बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरची जाड वायर चावीतून जात नाही, ती कायम बॅटरीला जोडलेली असते. अल्टरनेटरमध्ये सहसा सहा डायोड असतात. डायोड म्हणजे विजेचा एकाच बाजूने उघडणारा दरवाजा. बॅटरी बरोबर जोडली की हे दरवाजे बंद राहतात, बॅटरीतली वीज उलट वाहत नाही. प्लस-मायनसची अदलाबदल झाली की सगळे उघडतात आणि बॅटरीची दोन टोके जणू एकमेकांना भिडतात. व्होल्ट बाराच, पण करंट शेकडो अँपिअर. नशीब असेल तर मेन फ्यूज आधी उडतो. नसेल तर डायोड जातात, वायरिंग तापते आणि नव्या गाड्यांत इंजिनाचा कॉम्प्युटरही जाऊ शकतो. त्याची किंमत ऐकून माणूस खाली बसतो. साधा बल्ब मात्र उलट-सुलट कसाही पेटतो. जुन्या डायनॅमोच्या गाड्यांत डायोड नव्हते, म्हणून काही जुने मिस्त्री आजही ही चूक हसण्यावारी नेतात.

त्या दिवशी पहिला मिस्त्री आला तो असाच. बॅटरी सरळ केली, उडालेल्या फ्यूजच्या जागी तांब्याची तार पिळून लावतो म्हणाला, दहा मिनिटांत गाडी चालू. आमचा जीव मालात अडकलेला, आम्ही 'लावा' म्हणणारच होतो. ड्रायव्हरने हात धरला. पुढे दुसऱ्या मिस्त्रीने मीटर लावून पाहिले तेव्हा दोन डायोड आरपार झालेले निघाले. म्हणजे बॅटरी सरळ असूनही तिथे शॉर्ट कायम होता. तार लावली असती तर ती उडाली नसती, वायरिंग पेटले असते, आणि मागे कापड! त्या दिवशी माल गेला नाही. डायोडची प्लेट बदलली, नवा फ्यूज घातला, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टेम्पो निघाला.

मिस्त्रीने बॅटरीवरची खूणही दाखवली. दोन गोल खुंट्यांपैकी जाड ती प्लस, बारीक ती मायनस. शिवाय + आणि − कोरलेले असते. आमच्या उर्दू शाळेत यांना मुसबत आणि मनफी म्हणत. हिशेबात कधी चुकलो नाही, इथे पाहिलेच नाही! काढताना मायनस आधी, लावताना मायनस शेवटी. कारण मायनस गाडीच्या बॉडीला असते. प्लसचा पाना बॉडीला लागला तरी मग ठिणगी पडत नाही. नुकत्याच चार्ज झालेल्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, एका ठिणगीने ती फुटून ॲसिड तोंडावर उडू शकते. आमच्या पोराचे डोळे वाचले, हे आम्ही खर्चापेक्षा मोठे मानतो.

पोराचे वडील दुकानात आले, पगारातून कापून घ्या म्हणाले. आम्ही कापले नाहीत. वायरीवरचा लाल रंग दोन वर्षांपूर्वीच गेला होता आणि गाडी आमची होती. आता प्लसच्या वायरीला लाल टेप आहे. तो त्याच पोराने लावला.