बँजो कोणाचा?

भीमजयंतीच्या मिरवणुकीत आपल्याकडे बँजो वाजतो. बटणे दाबून आणि तारा छेडून वाजणारा आपला हा बँजो म्हणजे बुलबुलतरंगाचा धाकटा भाऊ. अमेरिकेतला बँजो निराळा. त्याची दांडी लांब, तोंड गोल आणि चामड्याने मढवलेले, तारा पाच, आणि त्यातली एक आखूड तार फक्त अंगठ्यासाठी. नाव एक, वाद्ये दोन. हा दुसरा बँजो कोणाचा, असे कुणाही अमेरिकन माणसाला विचारले तर परवापरवापर्यंत उत्तर मिळे, डोंगराळ भागातल्या गोऱ्या शेतकऱ्यांचा! हे उत्तर खोटे आहे, आणि ते खोटे ठरवण्यासाठी ज्यांनी आपला गळा आणि आपली बोटे पणाला लावली, त्या रियॅनन गिडेन्स ह्या काळ्या कलावतीची ओळख आम्ही वाचकांना करून देत आहोत.

बँजो आफ्रिकेचा आहे. पश्चिम आफ्रिकेत सेनेगल आणि गांबिया भागातील जोला लोकांत आजही भोपळ्याचे, तीन तारांचे ‘अकोंटिंग’ नावाचे वाद्य वाजते, आणि त्यातही एक आखूड तार अंगठ्यासाठी असते. गुलाम म्हणून जहाजांत कोंबून आणलेल्या माणसांना सोबत काही नेता आले नाही. परंतु हातांना आठवण होती. वेस्ट इंडीजच्या बेटांवर आणि अमेरिकेच्या दक्षिणेत त्यांनी भोपळा कोरला, कातडे ताणले, तारा बांधल्या आणि नवे वाद्य उभे केले.

मग ते हिरावले कसे गेले? 1830 नंतर गोऱ्या नटांनी जळक्या बुचाने तोंडे काळी केली आणि हातात बँजो घेऊन काळ्या माणसाची टिंगल करणारे खेळ सुरू केले. हे खेळ अमेरिकाभर तुफान चालले. मूर्ख, आळशी, दात विचकणारा काळा माणूस आणि त्याच्या हातातला बँजो, असे ते चित्र घरोघर पोहोचले. साहजिकच पुढच्या पिढ्यांतल्या अनेक काळ्या लोकांना ते वाद्य नकोसे झाले. गावकीचे काम म्हणून वाजवावे लागलेले वाद्य आपल्या वाडवडिलांनी मानासाठी का खाली ठेवले, हे जाणणाऱ्याला ही गोष्ट फोड करून सांगण्याची गरज नाही.

उरलेले काम धंद्याने केले. 1920 साली मॅमी स्मिथ ह्या काळ्या गायिकेची ब्लूजची तबकडी अफाट खपली, आणि कंपन्यांना नवे गिऱ्हाईक सापडले. त्यांनी दोन याद्या केल्या. काळ्यांसाठी ‘रेस’ तबकड्या, त्यात ब्लूज. खेड्यातल्या गोऱ्यांसाठी ‘हिलबिली’ तबकड्या, त्यात फिडल आणि बँजो. फिडल म्हणजे व्हायोलिनच. प्रत्यक्षात खेड्यापाड्यांत दोन्ही रंगांची माणसे तीच गाणी वाजवत होती, एकमेकांकडून शिकत होती. पण फिडल-बँजो वाजवणारे काळे वादक कोणत्याच यादीत नीट बसेनात, म्हणून त्यांचे ध्वनिमुद्रण फारच थोडे झाले. जे तबकडीवर आले नाही ते घडलेच नाही, असे पुढे मानले गेले. आमच्या मते नाचांत तोंड काळे करण्याइतकीच ही याद्यांची चलाखी घातक होती, कारण ती कुणाला दिसली नाही.

रियॅनन गिडेन्स यांचा जन्म 1977 चा, उत्तर कॅरोलिना राज्यातील ग्रीन्सबरो गावचा. आई काळी, वडील गोरे. ओबर्लिनच्या नामांकित संगीत विद्यालयात त्या शिकल्या ते ऑपेराचे गाणे. पुढे घराकडे परतल्यावर गावातल्या जुन्या नाचांची गोडी लागली आणि त्यातून बँजोची. 2005 साली त्याच राज्यात बून येथे काळ्या बँजोवादकांचा मेळावा भरला. तिथे त्यांना डॉम फ्लेमन्स आणि जस्टिन रॉबिन्सन हे दोघे तरुण भेटले, आणि जो थॉम्प्सन हे वृद्ध फिडलवादकही.

जो थॉम्प्सन यांचा जन्म 1918 चा. मेबेन गावी फर्निचरच्या कारखान्यात त्यांनी नोकरी केली. त्यांच्या घराण्यात फिडल बापाकडून मुलाकडे येत होते. चुलतभाऊ ओडेल बँजोवर साथ करीत, ते 1994 साली गेले. काळ्यांच्या फिडल-बँजो परंपरेतला हा जवळजवळ शेवटचा दुवा. ही तीन तरुण मुले आठवड्यातून एकदा, गुरुवारी, त्यांच्या घरी जाऊ लागली. वही नाही, नोटेशन नाही; म्हातारबाबांनी वाजवायचे आणि मुलांनी मागोमाग वाजवायचे, तेच गाणे पुन्हा पुन्हा. 2012 साली थॉम्प्सन निवर्तले तेव्हा गाणी तिघांच्या बोटांत उतरली होती.

ह्या तिघांचा वाद्यवृंद म्हणजे ‘कॅरोलिना चॉकलेट ड्रॉप्स’. ‘जेन्युईन निग्रो जिग’ ह्या त्यांच्या 2010 च्या ध्वनिमुद्रिकेला ग्रॅमी पुरस्कार मिळाला. पुढे वाटा वेगळ्या झाल्या. फ्लेमन्स यांनी 2018 साली काळ्या गुराख्यांच्या गाण्यांची ध्वनिमुद्रिका काढली. सिनेमातला काऊबॉय गोरा असला तरी प्रत्यक्षात काळे काऊबॉय पुष्कळ होते. गिडेन्स यांनी गीची वायली ह्या बाईने 1930 मध्ये गायलेला एक विलक्षण ब्लूज 2015 साली नव्याने गायिला.

त्यांच्या हातातला बँजो ही 1858 सालच्या बँजोची प्रतिकृती आहे. दांडीला पडदे नाहीत, आवाज खोल आणि घोगरा. टिंगलीच्या खेळांच्या काळातलेच हे वाद्य त्यांनी मुद्दाम निवडले. त्यांच्या एका गाण्यामागे गुलामविक्रीची जुनी जाहिरात आहे. विकायला एक तरुण बाई. तिला नऊ महिन्यांचे मूल आहे, ते घ्यायचे की नाही हे खरेदीदाराच्या मर्जीवर. गिडेन्स यांनी हे गाणे त्या आईच्या तोंडी घातले आहे. आई असलेल्या वाचक भगिनींना आम्ही याहून अधिक काय सांगावे?

1873 साली जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती काळ्यांच्या दास्यमुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना. 1946 साली बाबासाहेबांनी काळ्यांचे विद्वान पुढारी डुबॉइस यांना पत्र लिहून, काळ्या लोकांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या होत्या. तेव्हा हे घर आपल्याला परके नाही.

गिडेन्स यांना 2017 साली मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. गुलाम म्हणून 1807 साली चार्ल्सटन बंदरात उतरवलेला आणि 1831 मध्ये अरबीत आत्मवृत्त लिहिणारा विद्वान उमर इब्न सईद, याच्यावरील ‘ओमार’ हा ऑपेरा त्यांनी मायकेल एबल्स यांच्यासह रचला. 2022 साली तो त्याच चार्ल्सटनमध्ये प्रथम रंगमंचावर आला आणि 2023 साली त्याला पुलित्झर पारितोषिक मिळाले. 2024 साली बियॉन्से ह्या लोकप्रिय गायिकेचे ‘टेक्सास होल्डेम’ जगभर गाजले. त्याच्या आरंभी जो बँजो ऐकू येतो तो गिडेन्स यांचा.

2025 साली त्या आणि जस्टिन रॉबिन्सन पुन्हा एकत्र आले. फक्त फिडल आणि बँजो घेऊन त्यांनी अठरा रचना मुद्रित केल्या, त्याही स्टुडिओत नव्हे, उघड्यावर. काही जो थॉम्प्सन यांच्या घराजवळ. झाडांवरच्या किड्यांची किर्र किर्र सुरूच होती. ती त्यांनी काढून टाकली नाही.