ब्रेकचा हिशेब बोअरपासून

शाहपूरची केळी भरलेली गाडी बऱ्हाणपूर ओलांडून खंडव्याकडे निघाली, की तापीकाठचा सपाट रस्ता मागे पडतो आणि असीरगडाजवळ सातपुड्याचे चढउतार लागतात. उतारावर चालकाच्या पायाचा जोर आधी मास्टर सिलिंडरमध्ये जातो. जुना ट्रक नव्याने उभा करणाऱ्याने इंजिनाआधी तिथे हात घालावा, असं माझं ठाम मत आहे.

कुर्ल्याला प्रीमियरने १९४७ पासून डॉज नि फार्गो जुळवले. त्या पिढीच्या हायड्रॉलिक ब्रेकला सर्किट एकच. एका चाकाचा पाइप फुटला, की पेडल थेट फळीला टेकतं. अमेरिकेत १९६८ पासून नव्या मोटारींना दुहेरी सर्किट आलं, ते याचसाठी. दोन खणांचा सिलिंडर बसवला, की पुढचे ब्रेक गेले तरी मागचे उरतात.

पण खरा पेच बोअरचा, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या व्यासाचा. ‘मोठा घाला, ब्रेक कडक लागेल’ हा समज घातक आहे. एक इंचाच्या जागी सव्वा इंच बोअर आला, तर पिस्टनचं क्षेत्रफळ दीडपटीहून जास्त होतं आणि पायाचा जोर तेवढाच असताना दाब ३६ टक्के घटतो. पेडल टणक लागतं, गाडी मात्र थांबत नाही. लहान बोअरने दाब मिळतो, पण ऑइल कमी सरकतं आणि पेडल खोल जातं. म्हणून आधी चाकांकडचे पिस्टन मोजायचे, मग बोअर ठरवायचा.

पुढे डिस्क बसवली तर हिशेब आणखी बदलतो. ड्रम फिरता फिरता शूला स्वतःच आत ओढून घेतो. डिस्कला ही मदत नाही, म्हणून बूस्टर लागतो. जुन्या सिलिंडरमधला ड्रमचा व्हॉल्व्ह लाइनमध्ये सुमारे १० पीएसआय दाब धरून ठेवतो. तो डिस्कच्या लाइनवर राहिला तर पॅड घासत राहतात.

पेडलचा जोर पिस्टनला देणाऱ्या पुशरॉडला दीडेक मिलिमीटर ढील हवीच. ती नसेल तर आतला कप परतीचं बारीक छिद्र झाकून टाकतो, तापलेलं ऑइल टाकीत परतत नाही आणि ब्रेक आपोआप आवळत जातात. ऑइलही जुनं नको: डॉट ३ चा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २०५ अंश, ओल शोषल्यावर १४० पर्यंत उतरतो. सिलिंडर गाडीवर चढवण्याआधी व्हाइसमध्ये धरून त्याची हवा काढावी, मग लांबच्या चाकापासून पंपिंग सुरू करावं. पहिली चाचणी रिकाम्या गाडीने, सपाटीवर.