जुन्या फियाटच्या चाकांचा ताळेबंद

इंदापूर तालुक्यातील कळंबच्या माळरानावर वालचंदनगर वसविणारे शेठ वालचंद हिराचंद (१८८२–१९५३) यांनीच १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या कुर्ला येथील कारखान्यात साठच्या दशकात फियाट ११००डी तयार होऊ लागली आणि सत्तरच्या दशकात हीच गाडी ‘पद्मिनी’ या नावाने घरोघरी परिचित झाली. वडिलांनी किंवा आजोबांनी घेतलेली अशी एखादी गाडी बारामती-इंदापूर परिसरातील व्यापारी कुटुंबांत अजूनही जपलेली आढळते. मात्र ‘ती एका बाजूला ओढते, टायर खाते’ अशी तक्रार सुरू झाली की हळूहळू तिला भंगारात काढण्याची भाषा कानी येऊ लागते. पुष्कळदा हा दोष मोठा नसतो. मापे घेण्याची शिस्त असेल, तर त्याचे मूळ घरच्या घरी शोधता येते.

या गाडीच्या पुढच्या प्रत्येक चाकाला वर-खाली दोन आडवे हात व कॉइल स्प्रिंग असते. मागे सरळ आस आणि पाटे असतात. एमजीबीसारख्या जुन्या स्पोर्ट्स कारचीही रचना स्थूलमानाने अशीच आहे. चाकांची बैठक तीन गोष्टींवर ठरते. वरून पाहता दोन्ही चाके पुढच्या बाजूस किंचित जवळ येतात, ते टो-इन. समोरून पाहता चाक आत वा बाहेर कलते, तो कॅम्बर. चाक ज्या अक्षाभोवती वळते त्याचा पुढे-मागे असलेला कल, तो कॅस्टर.

किरकोळ वाटणाऱ्या फरकाची किंमत काय असते, ते हिशेबाने पाहू. पद्मिनीची रिम १४ इंची, म्हणजे सुमारे ३५६ मिलिमीटर व्यासाची. एका चाकाच्या रिमची पुढची कड मागच्या कडेपेक्षा ३ मिलिमीटर आत असेल, तर ते चाक साधारण अर्ध्या अंशाने तिरपे झाले. असे चाक दर किलोमीटरला सुमारे ८ मीटर आडवे घासत जाते. बारामतीहून सणसर, अंथुर्णे, निमगाव केतकी करीत इंदापूर गाठावे तर अंतर पन्नासेक किलोमीटर. तेवढ्या प्रवासात टायर जवळजवळ ४०० मीटर आडवे घासले गेलेले असते. हा तोटा कोणत्याही वहीत दिसत नाही, तो रबरातून वसूल होतो. आणि गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांनी भरलेल्या रस्त्यावर जी गाडी सरळ चालत नाही, तिच्यात प्रश्न केवळ पैशांचा राहत नाही.

बँकेत खाते जुळत नसेल, तर फरकाची रक्कम कुठेतरी टाकून ताळेबंद बसविणे हा अपराध समजला जाई. आधी चूक शोधावी लागे. झिजलेल्या सांध्यांवर टो-इन बसविणे हा तसाच प्रकार आहे. म्हणून पाना हाती घेण्यापूर्वी तपासणी करावी. चारही टायरांत योग्य हवा भरावी. टायरची झीज वाचावी: दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी राहिली, मधला भाग झिजला असेल तर ती जास्त झाली, एकच कड झिजली असेल तर कॅम्बर किंवा टो-इन बिघडले. फेरफटक्यानंतर एका चाकाचा ड्रम दुसऱ्यापेक्षा फार तापत असेल, तर गाडी ओढण्याचे कारण ब्रेकमध्ये शोधावे.

मग गाडी जॅकने उचलून भक्कम घोडीवर ठेवावी. नुसत्या जॅकच्या भरवशावर कधीही खाली शिरू नये. चाक वर-खाली धरून हलविल्यास बेअरिंग किंवा किंगपिनची ढिलाई कळते, डावी-उजवीकडे हलविल्यास टायरॉडच्या टोकांची. रबरी बुश चिरले आहेत का, पाट्यांचे यू-बोल्ट सैल आहेत का, हेही पाहावे. पुढच्या व मागच्या चाकांच्या मध्यांतील अंतर दोन्ही बाजूंना मोजावे. त्यात फरक असेल तर मागची आस सरकलेली असू शकते. दोष सापडला तर तो भाग आधी बदलावा.

आता माप. दुकानाच्या गोदामातील सपाट फरशी यासाठी उत्तम. ती समतल आहे का, हे गवंड्याच्या पाण्याच्या नळीने पडताळावे. रिमच्या वरच्या कडेसमोर ओळंबा सोडून दोरीपासून रिमच्या वरच्या व खालच्या कडेचे अंतर मोजले की कॅम्बर कळतो. टो-इनसाठी चाके सरळ ठेवून पुढच्या दोन्ही टायरांच्या मागील बाजूस, धुऱ्याच्या उंचीवर, मधोमध खडूची खूण करावी. खुणेवरून ओळंबा सोडून जमिनीवर बिंदू आखावेत व त्यांतील अंतर मोजावे. मग गाडी हाताने पुढे ढकलून चाके अर्धा फेरा फिरवावीत. त्याच खुणा आता पुढे येतील. पुन्हा अंतर मोजावे. खुणा त्याच असल्याने वाकड्या रिमचा दोष मापात शिरत नाही. पुढचे अंतर जितके कमी, तितके टो-इन.

दुरुस्ती करताना आपल्या मॉडेलच्या पुस्तिकेतील आकडाच प्रमाण मानावा. टायरॉडची मूळ जागा रंगाने खुणावून ठेवावी आणि दोन्ही बाजू सारख्याच, पाव-पाव फेऱ्याने फिरवाव्यात. नाहीतर गाडी सरळ चालताना स्टिअरिंग वाकडे दिसते. प्रत्येक बदलानंतर गाडी काही फूट पुढे-मागे हलवून, शेवटी पुढे ढकलून थांबवावी आणि मगच फेरमाप घ्यावे. सारी मापे तारखेसह वहीत लिहावीत. कॅस्टर मात्र घरगुती साधनांनी भरवशाने मोजता येत नाही; तो यंत्रावरच तपासून घ्यावा आणि त्याच वेळी आपली इतर मापेही पडताळावीत.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी आणि त्यानंतर दर ५ वर्षांनी नव्याने करून घ्यावी लागते. त्या तपासणीला जाताना आपल्या हाती मापांची अशी वही असेल, तर गाडी ठेवायची की काढायची याचा निर्णय ऐकीव मतावर नव्हे, आकड्यांवर घेता येईल.